इल्सासाठी राखलेलं पाणी

इल्सा परत आलती, ते सांगायचंच राहिलं तुम्हाला. जर्मनीची पोरगी. आमच्या गावच्या दूध सोसायटीचा अभ्यास करायला आलती, तवा वर्षभर आमच्याच घरी राहिली. साल दुष्काळाचं. आमी बाजेवर बसून आंघोळ करायचो, खाली घमेलं ठेवायचो आन् पडलेलं पाणी म्हशीला. पाहुणी असून तीबी तसंच करायची. माझ्या मनाला ते लई लागून राहिलं.

औंदा ती आली, तर पुन्हा दुष्काळच. सोसायटी बंद पडलेली, म्हस विकलेली. पण मी ठरवलं, ह्या बारीला पोरीला भरल्या बादलीनं आंघोळ करू द्यायची आन् पाण्याचं रडगाणं गायचं न्हाई. टँकरचं पाणी राखलं, माझी आंघोळ बंद केली.

म्हणलं, "माय, आता रोज नळ येतो. खुशाल घे पाणी."

"खरंच, आबा?"

"मंग! खोटं कावून सांगू?"

ती न्हाणीत गेली आन् लगेच बाहेर आली. केस कोरडेच, बादली अर्धी तशीच.

"अगं, हे कावून ठेवलं?"

"तुमच्यासाठी. जा, आंघोळ करा."

"माझी झाली की सकाळीच."

सुनेनं तोंडाला पदर लावला. खोटं रेटायलाबी अंगात ताकद लागते, ती आता राहिली न्हाई.

इल्सा हळूच म्हणाली, "आबा, आल्या आल्या तुमच्या गळ्यात पडले ना, तवाच वास आला. नळ न्हाई येत."