तिसऱ्यांची चाळण

मंडळी, एक सांगा. ज्या वस्तूवर सगळ्यांचा हक्क, तिच्यावर माया कुणी करायची? बरं, ऐका.

खाडीकाठची एक वाडी. तिथली अनसूया. होडी नाही, शेत नाही. ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं, पायाने चिखल चाचपायचा, तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायच्या, बाजारात नेऊन विकायच्या. त्यावर चूल. अशा पंधरा बायका.

आणि तिसऱ्या लहान व्हायला लागल्या. सुपारीएवढ्या होत्या, त्या बटणाएवढ्या झाल्या. कळत नव्हतं का? कळत होतं की! पण अनसूया मनात म्हणायची, मी ही पिल्लं सोडली तर मागून येणारी उचलणार. मागून येणारीही तेच म्हणायची. वाईट एकही नव्हती, मंडळी. प्रत्येकीचं म्हणणं खरं — आणि खाडी रिकामी.

मग पंच बसले. सोमवारपासून तीन महिने बंदी! मोठा कडक नियम. आता मला सांगा, रविवारी काय झालं असेल? — हसताय, म्हणजे ओळखलंत. ज्या सासवा दहा वर्षांत पाण्यात उतरल्या नव्हत्या, त्याही पाट्या घेऊन उतरल्या. अनसूयासुद्धा. सोमवारी बंदी लागली, पण वाढायला मागे ठेवलं होतं काय?

तीन महिने अनसूयाने गवंड्याच्या हाताखाली काम केलं. वाळू चाळली. बारीक खाली, जाड वर. बारीक खाली... आणि तिचे हात थांबले.

बंदी उठली त्या सकाळी तिने गवंड्याची खडी चाळायची जुनी चाळण उतारावर, गुडघाभर पाण्यात, दोन खुंटांवर बांधली. भोकं अंगठा जाईल एवढी. बायकांना तिने सांगितलं, बंदी नको, राखणदार नको. वर येताना प्रत्येकीने सगळ्यांसमोर पाटी इथे ओतायची. खाली पडेल ते खाडीचं.

थोरली जाऊ इंदुमती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शहाणपण पुरे गं. आधी तुझी ओत."

मंडळी, अनसूयाच्या घरात त्या दिवशी तांदूळ नव्हता. पाटीत काय आहे, तिला ठाऊक होतं. सगळी बटणं. तिने पाटी ओतली. चाळण हलवली. पाण्यात सरसर आवाज झाला. वर राहिल्या चार.

चार तिसऱ्या पदरात बांधून ती म्हणाली, "अक्का, या."

इंदुमती चाळणीपाशी आली. मग तिने पाटी कलती केली. तिच्यामागे तेरा जणी.

एका पावसाळ्यानंतर तिसऱ्या वाढल्या. त्या कुठल्याही नियमाने वाढल्या असत्या — मनापासून पाळला असता तर. हा पाळला गेला, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता, आणि नियम काढणारीने तो आधी स्वतःला लावला.

आता आपल्याकडे या. गेल्या साली बोअरला दोनशे फुटांवर पाणी, यंदा चारशे. तुम्ही नाही खोदलं तर शेजारी खोदणार — हो ना? सरकारला नावं ठेवू, ती उद्याही ठेवता येतील.

देवळामागची बोअर माझी. तिच्या मोटारीची किल्ली मी इथे टाळांशेजारी ठेवतोय. दिवसाला किती तास चालवायची, ते तुम्ही ठरवा. बसा, भजन थांबवलंय.