वन्संचा चाप

...आणि वर मलाच विचारतात, "तू हात लावलास का?" अहो, मी कशाला हात लावू? माझे हात मशीनवर, पाय मशीनवर, तोंडात टाचण्या, आणि हे दारात उभे राहून पोलिसासारखे, "अगं, खरं सांग, पिस्तुलाचा स्क्रू तू फिरवलास?" मी टाचण्या काढल्या, नीट डबीत ठेवल्या, आणि म्हटलं, मी नाही फिरवला. लेकीने नाही फिरवला. तुम्ही तर साधी नळाची तोटी फिरवत नाही! मग तुम्हीच सांगा, स्क्रू काय आपोआप फिरतो का?

घाबरू नका हं, पिस्तूल म्हणजे तसलं नव्हे. नेमबाजीच्या स्पर्धेचं, हवेवर चालणारं. आमच्या वन्संचं, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचं. वन्सं मोठ्या नेमबाज, घरभर त्यांचे चषक. मला मेले ते पुसता पुसता नाकी नऊ यायचे! स्वभावानेही तशाच, नजर पडली की नेम लागलाच. मी शिवायला बसले की मागून आवाज, "वहिनी, दोऱ्याचा ताण सैल आहे. टाका बघ कसा लोंबतोय." अहो, वीस-वीस वर्षं गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे, कुणाला दिसला नाही लोंबता टाका! पण वन्संना दिसायचा. गेल्या वर्षी त्या गेल्या. जाताना पिस्तूल भाचीला, म्हणजे माझ्या लेकीला दिलं, आणि मला म्हणाल्या, "नखं रंगवून दे, मग जाते." मीच रंगवली. गडद डाळिंबी रंग, त्यांचा आवडता. उरलेली बाटलीसुद्धा त्यांच्याबरोबरच दिली, माझ्या हाताने त्यांच्या मुठीत ठेवली. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर लेकीची निवड चाचणी आली. संघात जायची ही शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपतो. आणि नेमका तेव्हाच चाप बिघडला! बोट टेकवावं तर कधी चिकटायचा, कधी मनात येण्याआधीच सुटायचा. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, रडतेस काय, यंत्रच ना? मशीन कुरकुरलं की मी काय करते? तेल सोडते! आणि सोडलं की हो... शिलाई मशीनचं तेल, चांगलं चार थेंब, वर एक आशीर्वादाचा.

पिस्तुलं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, एका डोळ्याला कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगवालेच म्हणतो. त्यांनी चाप उघडला आणि भिंगातून माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच बिघडलेय! "काकू, तळायला घेतलं होतं का? अहो, यात दोन पोलादी दाढा असतात, केसाएवढ्या एकमेकींत अडकलेल्या. तेल पडलं की धूळ चिकटते, दाढा घसरतात." सगळं पुसून कोरडं केलं आणि मला समजावलं. चापाला दोन टप्पे. आधी थोडं सैल अंतर, मग बोटाला भिंत लागते, ती ओलांडली की छर्रा सुटतो. आणि ही भिंत फार हलकी चालत नाही. स्पर्धेआधी तपासनीस चापाला वजन अडकवून पिस्तूल उचलतात. वजन पेललं तर ठीक, पेलण्याआधीच चाप सुटला तर घरी जा!

लेकीला भिंत हलकीच हवी होती, नियमाच्या अगदी काठावर. भिंगवाल्यांनी चापाचा स्क्रू फिरवून तशी लावून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी ओरडली, "आई, भिंत जड झालीये!"

पुन्हा भिंगवाले. पुन्हा हलकी. पुन्हा सकाळी जड! तेव्हाच हे माझ्यावर घसरले, "तू हात लावलास का?" मी? पेटीला कुलूप, किल्ली लेकीच्या गळ्यात. स्क्रू काय आपोआप फिरतो का?

भिंगवाले म्हणाले, "घरातलंच कुणीतरी आहे, काकू. स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढा, थोडी बाजूच्या धातूवर येऊ द्या. कुणी फिरवला तर रेघ मोडलेली दिसेल." मी घरी आले आणि माझी फिकी गुलाबी रेघ ओढली. कशी सरळ! सकाळी सगळ्यांसमोर पेटी उघडली. रेघ मोडलेली... आणि मोडलेल्या रेघेवर दुसरी रेघ. माझ्यापेक्षा सरळ.

गडद डाळिंबी.

ओलीच होती हो. बोटाला लागली. हे म्हणाले, "असेल तुझीच जुनी बाटली." आणि पंखा बंद करून, चपला उलट्या घालून बाहेर निघून गेले. बहिणीला ते लहानपणापासून घाबरतात.

त्या दुपारी घरात मी एकटी. बाही जोडत होते. मशीन थांबवलं, आणि पलीकडच्या खोलीत... टक्.

मी म्हटलं, पाल असेल. परत, टक्. अहो, तो आवाज मी ओळखते! छर्रा न घालता सराव करतात ना, त्यातला. वन्सं तासन् तास तशा उभ्या राहायच्या. आवाज पेटीतून येत होता. कुलूप लावलेलं. मी कान लावला... आणि आत, टकच्या आधी, कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

तुम्ही काय केलं असतंत? मी बाही उलटी जोडली.

चाचणीच्या दिवशी पोरगी म्हणाली, "आई, जड चापाने माझा हात थरथरतो, मला नाही जमणार." तिचा चेहरा बघवेना. मी शिवणकामाचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, डाळिंबी रंग खरवडला, भिंगवाल्यांनी दाखवलं तसा स्क्रू सैल केला, आणि मोठ्याने म्हटलं, "वन्सं, पोरीचं वाटोळं करू नका!" पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. उतरेपर्यंत झाकणावरचा हात उचलला नाही. आणि वाटेत, माझ्या मांडीवर... टक्. शेजारची बाई म्हणाली, "घड्याळ का?" मी म्हटलं, "नाही, नणंद."

तपासणीला ही लांब रांग! हॉल गार, भिंगवाले म्हणालेच होते की गारठ्यात काठावरचे चाप दगा देतात. आमच्या दोन नंबर पुढच्या मुलाचं पिस्तूल तपासनीसांनी वजनासकट उचललं, टक्, चाप सुटला. त्याच्या मागच्या मुलीचंही तेच. रडत बाजूला झाली बिचारी. मग आमचं. मी डोळे मिटले, कारण सैल मी केलं होतं, या हातांनी! माझ्यामुळे पोरगी बाहेर...

काहीच आवाज नाही. डोळे उघडले तर वजन आरामात लोंबतंय. तपासनीस म्हणाले, "बाई, तुमचं तर भलतंच पक्कं आहे. आणि हे काय, स्क्रूला रंग ओला आहे अजून."

मी वाकून बघितलं. बघायची काय गरज होती म्हणा!

पोरगी संघात आली. अगदी शेवटच्या जागेवर, पण आली. मी विचारलं, "हात थरथरला नाही?" तर म्हणते, "आई, भिंतीशी पोचले ना, की माझ्या बोटावर कुणीतरी बोट ठेवायचं. गार. आणि कानात आत्याचं ते नेहमीचं, 'थांब गं, घाई कुणाला आहे?'" वन्सं शिकवताना हेच म्हणायच्या. हे ऐकून यांनी ताट तसंच ठेवलं आणि देवापुढे बसल्यासारखे हात जोडून बसले, कुणाला ते विचारू नका.

मला वाटलं, झालं, इच्छा पुरी झाली, सुटल्या. काल मशीनवर बसले. एक टाका घातला, दुसरा घातला... टाके कसे, मोत्यांसारखे! वीस वर्षांत असे आले नव्हते. खाली वाकून ताणाची चकती बघितली. तिच्यावर डाळिंबी रेघ. आता तुम्हीच सांगा, स्क्रू काय आपोआप फिरतो का?

मी हात जोडले. म्हटलं, "वन्सं, पोरीचं झालं, माझंही झालं. आता निघायचं ना?"

मग पलीकडच्या खोलीत कुणीतरी सावकाश श्वास सोडला. टक्.

म्हणजे... घाई कुणाला आहे!

मी तरी काय करणार? म्हटलं, राहा. आणि राहताच आहात, तर काजं तेवढी बघा, माझी जरा वाकडी येतात.