टिकेटी-बू म्हणजे काय

आता तुम्हीच सांगा, मरताना मानसानं काय म्हनावं? शिवशिव म्हनावं, अव्वा म्हनावं, न्हाईतर मुकादमाला शिवी तरी हासडावी! आमचा थोरला, ईश्वरप्पा अण्णा, काय म्हनला? "टिकेटी-बू!" ...असल्या शब्दाचं मी काय करू, सांगा!

तुम्हाला सांगतो, हा शब्द त्यानं नांदेडहून आनला. तिथं एका म्हाताऱ्या कर्नलसायबाच्या बागंत माळी होता. दुष्काळात बाग वाळली, अण्णा घरी आला... पिशवीत दोन सदरे अन् तोंडात हा शब्द! बैल मेला, टिकेटी-बू. टँकर फिरकला न्हाई, टिकेटी-बू. त्याला पोरगी बघायला गेलो, तिच्या बापानं इचारलं, "पाव्हनं, गावाला पानी कसं हाय?" अण्णा म्हनला, "टिकेटी-बू!" त्या बिचाऱ्याला वाटलं तळंबिळं असंल, लगेच चहा टाकायला सांगितलं!

मग हिरीचं काम लागलं. खाली सुरुंग उडवायचा, धूर निवला की मानूस उतरायचा, अन् वरच्यानं सारखी हाक मारायची. ओ आली तर ठीक, न्हाई आली तर दोर वढायचा. त्या दिशी धूर निवलाच न्हवता, पर मुकादम निवृत्ती घाई करून राहिला, अण्णा उतरला, मी वरून वरडलो, "अण्णा, कसं हाय रं?" खालून आवाज आला, "टिकेटी-बू!" फुडच्या हाकंला... काहीच न्हाई. मी उडी टाकत व्हतो, निवृत्तीनं कंबर धरली. वढून काढला तवा अंग गरम व्हतं.

आता आमची आई, अव्वा, रोज इचारती, "माझा ईशा शेवटाला काय बोलला रं? मला हाक मारली का?" ...असल्या शब्दाचं मी काय करू?

गेलो लातूरला. हायस्कूलच्या मास्तरनं जाडजूड पुस्तक चाळलं, म्हनला, "यात नाही. शिवी असेल." मग कलेक्टर कचेरीत गेलो, नवीकोरी, भिंतीचा चुना हाताला लागतूय! तिथला बाबू म्हनला, "नवा जिल्हा हाय, बाबा. जुनं सगळं अजून उस्मानाबादेतच हाय. तिकडं इचार." अहो, शब्द काय सातबारा हाय?

शेवटी नांदेड गाठलं. कर्नलसायब आरामखुर्चीत. "साहेबलोकांची जुनी बोली ती," म्हनला. "अर्थ? सगळं मस्त चाललंय."

"मस्त? सायेब, खाली धूर कोंडला व्हता!"

त्येनं समदं इचारून घेतलं. मग म्हनला, "अर्थ मस्त चाललंय. पण आम्ही वापरायचो मस्त नसतानाच. मागचा माणूस घाबरून पुढं धावत येऊ नये म्हणून."

म्हंजे बघा! म्या उतरू नये म्हनून बोलला त्यो! दम कोंडून राहिला, अन् मला सांगतूय मस्त चाललंय! दोन थोबाडीत द्याव्या वाटलं त्याला... द्याव्या कुठं? आमच्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरलाय, वर माती.

घरी आलो तर अव्वा दारातच. "काय निघालं रं?"

आता काय सांगू? तुझा एक पोरगा दुसऱ्यासाठी खोटं बोलून मेला? तोंडातून निघून गेलं, "अव्वा, इंग्रजीत आईला तसंच म्हनत्यात."

ती बघतच राहिली. "मग बैल मेला तवाबी मलाच हाक मारली व्हय?"

"तवाबी तुलाच."

"अन् पोरीच्या बापाला?"

"त्येला सांगितलं, आईला इचारा म्हनून."

लई दिसांनी हासली बघा, अन् हासता हासता पदर तोंडात कोंबला. त्या दिशी भाकर खाल्ली. मला वाटलं, चला, सुटलो!

कुठलं सुटतोय! आता अव्वा म्हनलं की ती वळूनबी बघत न्हाई. म्हनती, "त्यो म्हनायचा तसं म्हन की."

मग काय करता... रोज सकाळी त्या घरात, दोघंच आम्ही, मी चुलीफुडं बसून वरडतो, "टिकेटी-बू, भाकर वाढ!" म्हंजे... सगळं मस्त चाललंय, भाकर वाढ!