सोमवारी ठरलेली सहा नावं

मृणाली : पण काकी, तुला कुणीच सांगितलं नाय, असं कसं होईल? आख्ख्या बसला माहीत होतं.

शकू : बसला असंल. मीपण बसमध्येच होते ना गो, ह्याच सीटवर. मला आज कंपनीच्या बोर्डावर कळलं. पॅकिंगच्या सहा बायका परमनंट. वरून वाचलं, खालून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. तू टाइम ऑफिसात बसतेस, तूच सांग. कुणी लिहिली ही नावं?

मृणाली : ऑफिसनं नाय लिहिली. निलेशसाहेब रंभाताईला म्हणाले, तुम्ही बायकांनीच आपसात ठरवून सहा नावं द्या, मागाहून भांडणं नकोत. मग सोमवारी सकाळी नागोठणं सोडलं नि ताईनं वही काढली.

शकू : सोमवारी.

मृणाली : व्हय.

शकू : सोमवारी माझं मौन असतं.

मृणाली : तेच ना! मैना उठली होती तुझ्याकडं यायला. रंभाताईनं तिला हाताला धरून खाली बसवली. म्हणाली, काकीचं मौन मोडलंस तर पाप लागंल, उद्या सांगू.

शकू : मग उद्या?

मृणाली : उद्या... प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं सांगितलं असंल.

शकू : बारा वर्षं रोज पेणवरून धाटावला येतेय. पॅकिंगची लाइन सुरू झाली तेव्हा चौघी होतो. त्यातली मी एकटी उरलेय.

रंभा : (मागच्या सीटवरून) मृणाली! तिथं काय चिकटलीस? सुकटीची चटणी संपली तर बोंबलू नकोस हां!

मृणाली : आले गो, दोन मिनिटं!

रंभा : आणि काकीला विचार, केळं देऊ का? केळं चालतं ना गुरुवारचं?

शकू : राहू दे गो रंभा. तुम्ही खा.

मृणाली : मंगळवारी ग्रुपवर पण आलं होतं, काकी. तू ग्रुपमध्ये नायस?

शकू : होते. पूजेला बसायचे नि त्याचं टुंग टुंग सुरू. उघडून बघावं तर कुणाच्या तरी कालवणाचा फोटो. गणपतीत माझा पोरगा आदर्श घरी आला होता, त्याच्याकडून बाहेर पडले. कुणी विचारलंसुद्धा नाय, का गेलीस म्हणून.

मृणाली : मनाला नको लावून घेऊ. मुद्दाम नाय केलं कुणी.

शकू : मुद्दाम केलं असतं तर भांडले असते. आता भांडू कुणाशी? बरं, एक खरं सांग. वही काढली तेव्हा माझं नाव कुणी घेतलं? एकदा तरी?

मृणाली : घेतलं ना. मैनानंच घेतलं.

शकू : मग?

मृणाली : रंभाताई म्हणाली, काकीला काय कमी हाय, तिच्या पाठीशी तिचा देव हाय. सगळ्या हसल्या. म्हणजे... वाईट नाय हसल्या.

शकू : तूपण?

मृणाली : मीपण.

शकू : मार्चात ठेकेदार बदलतोय. नवा आला की आपली माणसं आणणार. जी परमनंट नाय ती घरी. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडं कोण उभं करंल?

मृणाली : थांब, लावतेच फोन. निलेशसाहेब माझ्या मामाच्या क्रिकेटच्या टीममधले. मैनाचं काढून तुझं घालायला सांगते. ती आत्ता तीन वर्षांपूर्वी लागलेय.

शकू : मैनाचं नाय काढायचं! एवढ्या बसमधून ती एकटी उठली होती.

मृणाली : अगो, मग कसं करायचं?

शकू : सातवं घेतात का विचार. नाय म्हणाले तर नाय.

मृणाली : हॅलो साहेब, मृणाली बोलतेय. हो, गाडीतच हाय. मामा बरा हाय. साहेब, पॅकिंगच्या लिस्टीत एक नाव वाढंल का? शकूकाकीचं. शकुंतला... काकी, आडनाव काय तुझं?

शकू : ठाकूर.

मृणाली : शकुंतला ठाकूर. नाय साहेब, ती नाय. पहिल्या मशीनवर पिशव्या शिवते ती. चष्मा हाय... बसमध्ये पुढं एकटी बसते... हां, तीच! मौनवाली. बरं. बरं साहेब. सांगते मामाला.

शकू : काय म्हणाले?

मृणाली : सहाच मंजूर हायत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

शकू : पुढच्या वर्षी मी कुठं असणार गो.

मृणाली : मी मामाला गाठते. डोलवीला कॅन्टीनच्या ठेक्यात त्याच्या ओळखीचा माणूस हाय, बायका लागतात त्याला. पण काकी, तू एक कर. मौन रविवारचं धर. सुट्टीच्या दिवशी. देवाला काय फरक पडतो?

शकू : देवाला नसंल पडत. मी नवस बोलले होते त्याला. आदर्श तीन वर्षांचा होता, तापानं डोळे फिरवले होते त्यानं. उठला नि मोठा झाला, आता सुरतेला नोकरीला लागलाय. दिलेला शब्द असा सोयीनं हलवायचा नसतो. नि सोमवारचं काय घेऊन बसलीस? बाकीचे पाच दिवस मला कुणी गप्प बसवलं होतं? गाडीत चढायचे, पोथी उघडायचे, मागून सुकटीचा वास आला की खिडकीकडं तोंड करायचे. मला वाटायचं, आपण काम चोख ठेवावं, नाव आपसूक येतं.

मृणाली : तसं नाय येत, काकी.

शकू : व्हय. आज कळलं.

मृणाली : मी आज पेणला नाय येत, वडखळलाच उतरते. मामा असंल नाक्यावर. तो काय म्हणतो ते संध्याकाळी कळवते तुला. तुझा नंबर... अगो, नाय माझ्याकडं.

शकू : नाय? सगळ्या गावाचे असतात ना तुझ्याकडं.

मृणाली : चारशेच्या वर हायत. तुझा कधी लागलाच नाय.

शकू : हा घे मोबाईल, बघून घाल. मला पाठ नाय. कुणाला सांगायची वेळ येत नाय ना.

मृणाली : घातला. मिस कॉल देते, वाजतो का बघ.

शकू : वाजला.

मृणाली : कट कर आता. अगो काकी, उचललास कशाला? मी हितंच बाजूला बसलेय ना!

शकू : हायस गो. तरी बोल ना थोडं.