आईपुढं कॅमेरा चालेना

...अन् वरतून टुंग करून वाजते! तुमाले सांगतो, 'नाई' म्हणासाठी इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाई. कॅमेऱ्याची वायर कम्प्युटरले लावली का टुंग, अन् खालच्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी... यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड! दिवाणावरून आई विचारते, "काय म्हणते रे तो?" म्हटलं, "ओळखत नाई म्हणते."

आता तुमी म्हणान, का रत्नपाल, एका कॅमेऱ्यासाठी एवढा जीव कायले काढून राहिला? ऐका ना जी! माझा लहान भाऊ राजदीप. पुण्याले नोकरी लागली, तिथंच पिंकीसंग कोर्टात लग्न केलं, अन् घरी फोन कवा केला? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी! आमची आई केशोरीले राह्यते. धानाच्या बांधीत उभी राहून, साऱ्या गावाले ऐकू जाईल असं बोलली, "त्याच्या घरी पाय नाई ठेवणार!" झालं! तवापासून राजदीपचं नाव काढलं का आई भांडे घासाले बसे. घासलेलेच भांडे!

मग त्याले पोरगी झाली, खुशबू. आई ऐकून पुन्हा भांडे घासाले बसली. मी डोकं लावलं. म्हटलं, "आई, तू पाय नाई ठेवणार म्हणली होती ना? डोळे नाई ठेवणार असं थोडीच म्हणली! कुडव्याले माझ्या घरी ये, कम्प्युटरवर पोरगी पाह्य." ती म्हणे, "पोरीलेच पाहीन. त्याले बाजूले सरकाव."

आली ना बापा! नवं लुगडं नेसून, तोंडाले पावडर लावून दिवाणावर ताठ बसली, जसा काई तिचाच फोटो काढणार हाय! तिकडं पुण्यात पोरगी टोपडं घालून तयार, अन् इकडं माझा कॅमेरा, ज्याच्याबिगर कम्प्युटर व्हिडिओ कॉलच लावत नव्हता... "ओळखत नाई म्हणते."

आधी समोरच्या पोर्टात लावला. टुंग पण नाई! उलटा करून पाह्यला, सुलटा करून पाह्यला, फुंकर मारली. श्यामलालले फोन केला, त्यानंच तर हा कम्प्युटर जोडून देल्ला होता. तो म्हणते, "अरे भैया, सामने वाला पोर्ट तो शो के लिए है, उसका तार अंदर जोड़ा ही नहीं!" शोसाठी! म्हटलं, अगा, हे काय लग्नातलं तोरण हाय?

मग टेबलाखाली घुसलो. मागच्या पोर्टात लावला... टुंग! श्यामलाल म्हणे, "रिस्टार्ट करो." केलं. टुंग! "ड्रायव्हर निकाल के फिर डालो." काढला, टाकला. टुंग! "प्रिंटर निकालो." काढला. टुंग! तेवढ्यात मंजू, आमची बायको, वाकून म्हणते, "अजी, आई पिशवी भरून राहिली."

हो! आई उठली होती. "राहू दे बाबू," म्हणे, "त्या डब्याचंही मन नाई दिसत. माही गाडी निघून जाईल." आता तुमीच सांगा, आज ही गेली तर पुन्हा येईल का? एवढ्या मुश्कीलीनं अर्धी वितळलेली बाई!

मी टेबलाखालून ओरडलो, "श्यामलाल, माही माय निघाली ना!" तो म्हणे, "भैया, बीच में कोई लंबा एक्सटेंशन तो नहीं लगाया?" लावला होता ना! आई दिवाणावर बसल्या बसल्या दिसली पाह्यजे म्हणून मी ती लांबच लांब वायर मधात जोडली होती. "वही तो! उसमें दम नहीं पहुँचता. सीधा लगाओ!" अरे लेका, हे पह्यलेच नाई का सांगाचं!

एक्सटेंशन फेकला, कॅमेरा सरळ मागं खुपसला... डुडुंग! तुमाले सांगतो, हा आवाज वेगळाच! ओळखलं! पण वायर एवढीशी, समोर पोचेच ना. मग काय, कम्प्युटरचा डबा टेबलाखालून काढून, फिरवून टेबलावर उभा केला, वरतून कॅमेरा ठेवला, दिवाण मी अन् मंजूनं सरकवला, "आई, बस वो!"

अन् पडदा उजळला. टोपड्यातली पोरगी, मुठी चोखून राहिली. आई पुढं सरकली, सरकली, नाक काचेले लागलं! "माये वो... कपाळ पाह्य, माह्या मायसारखं!" पोरीले धरलेले हात तेवढे दिसत होते. राजदीप शब्दाले जागून बाजूले सरकला होता ना! आई त्या हाताकडं पाहत राह्यली. मग हळूच म्हणे, "काऊन रे... हात एवढे बारके झाले? जेवत नाई का?"

तिकडून पिंकी म्हणते, "आई, ते रडून राहिले." पुण्याची सून, अन् दोन वर्षांत आमच्यासारखं 'रडून राहिले' म्हणते! आईनं पदर तोंडाले लावला. मंजू भिताडाकडं तोंड करून उभी, अन् मी? मी वायर धरून उभा! हाललो अन् टुंग झालं तर?

केशोरीची गाडी गेली, कोणाले याद होती? आठवड्याच्या आत आईनं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढाले लावलं. म्हटलं, "अन् पाय?" म्हणे, "तुया भावाची लेक मले रोज बलावते, तुले काय करा लागते?"

आता आई पुण्यात. रोज जेवण झालं का मी अन् मंजू कम्प्युटरसमोर बसतो, का बापा आई दिसन. अन् आई काय दाखवते? खुशबूची टाच, खुशबूची जांभई, खुशबूचं टोपडं! म्हटलं, "आई, मीही हाव ना इकडं, तुहा मोठा लेक!" तर म्हणते, "तुले काय पाहाचं? तुले तर पाह्यलं हाय."