मेलेलं काय करणार?

...आणि वर मलाच म्हणतात, “मरेल काय करी?” आमचे भामरे सर हो, माझे पीएचडीचे गाइड. मूळचे सटाण्याचे, जीव काटकसरीत अडकला की थेट अहिराणीत शिरतात. मरेल काय करी, म्हणजे मेलेलं काय करणार? मी सांगते ना काय करतं ते! माझी पाच वर्षं गिळली त्याने!

तुम्हाला सांगते, माझा जंतू न्यूमोनियाचा. ह्याच्या अंगावर साखरेचा एक गुळगुळीत कोट असतो. आपल्या शरीरातले पोलीस पकडायला आले की हा निसटतो, तेल लावलेल्या पैलवानासारखा. सगळी दादागिरी त्या कोटाची बरं का... कोट काढला की गरीब गाय! तर मी काय केलं, कोट शिवायचा त्याचा जीनच काढून टाकला. बोलायला सोपं वाटतं ना? पाच वर्षं लागली. आई रोज विचारायची, “अगं, मी पोछा मारून एका मिनिटात हजार जंतू मारते, आणि तुला एकाचा कोट निघेना?” म्हटलं, निघेल गं. आणि निघाला! हा उघडाबंब जंतू कायमचा निरुपद्रवी राहतो, एवढं दाखवलं की प्रबंध सादर, की मी सुटले...

आणि तेवढ्यात मी ओझरला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले. दोन दिवस! हौस ना!

इकडे सरांना दिसला एक फ्लास्क. त्यात कोटवाले जंतू, मी गरम करून मारून ठेवलेले, फेकायचे होते. पण टिश्यू पेपर वाळवून वापरणारा माणूस हा, तो फेकू देईल? लॅबमधल्या पोराला म्हणाले, “आख्खं सूप शे हाई, फेकू नको. मरेल काय करी?” आणि ते सूप दिलं माझ्या उघड्या लेकराला, खाऊ म्हणून!

परत येऊन बघते तर प्लेटवर सगळं चकाकतंय. माझे कसे, खडबडीत, कोरड्या भाकरीच्या चुऱ्यासारखे दिसायचे. हे तुपाचे थेंब, म्हणजे अंगावर कोट! सर म्हणाले, “तुझ्याच हातून कोटवाले मिसळले असतील.” नाही हो! माझ्या जंतूला मी ओळखीची खूण ठेवली होती, ती जागच्या जागी. जंतू माझाच, कोट मेलेल्याचा! मेलेल्यांच्या अंगातून जीनचे तुकडे बाहेर पडले होते, ते सुपात तरंगत होते, ह्याने उचलला एक, घेतला पोटात, आणि बसला कोट शिवत. मेलेलं काय करणार म्हणे!

रडायला आलं मला. खरंच आलं. मग वाटलं, थांब... हा तर शोध आहे! धावत सरांकडे. सरांनी चष्मा पुसला. “बाई, हे एका इंग्रज साहेबाने उंदरांवर करून ठेवलंय, शंभर वर्षं होत आली. आपण पहिल्या वर्षाला शिकवतो.”

आपण शिकवतो! वीस वर्षं हा माणूस फळ्यावर हेच काढतोय, मेलेला जंतू, जिवंत जंतू, मध्ये बाण! मी म्हटलं, “सर, तुम्हाला माहीत होतं, तरी सूप ओतलंत?”

तर म्हणाले, “ते परीक्षेपुरतं गं.”

तो साहेब कधीच मेला, तरी माझा शोध घेऊन बसलाय. सर म्हणाले, “तुझा जंतू कायमचा निरुपद्रवी, असं आता म्हणता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नको, नवा विषय घे.” आईला अजून सांगितलेलं नाही. सांगायची ताकद नाही, खोटं कशाला बोलू... माझ्यातलंही सगळं मेलंय हो.

पण मेलेलं काय करतं, ते आता मला पाठ झालंय. सोमवारी साडेदहाला लॅबला जातं.