मोरदऱ्याच्या चढावरची उटी

ऐका. दार लोटा आधी, अन् गोष्ट संपंस्तवर कुणी मधी उठायचं न्हाई.

डोंगराच्या पोटाशी एक वाडी. वाडीत एक कोंडिबा, त्याची बायको भिवरा, अन् दुधपिती लेक चिमी. गोठ्यात म्हशीशेजारी एक जुनी लष्करी जीप, भंगारातनं आणलेली.

कोंडिबानं त्या जीपपायी झोप सोडली. इंजिन उकलायचं, एकेक पुर्जा रॉकेलात धुवायचा, पोत्यावर वाळत मांडायचा. भिवरा कंदील धरायची अन् टोमणे मारायची. "म्हशीला इतकं चोळलं असतं, तर बादलीभर दूध आलं असतं."

"म्हस घाट चढती का?"

"चढती. पण ढकलावी लागत न्हाई."

अखेर जीप धडधडली. एक खोट तेवढी राहिली. गिअरपेटीचं तेल हँडब्रेकवर गळायचं, मंग तो कशाचा धरतोय? कोंडिबा म्हणायचा, बघू पुढच्या बाजारी. तोवर चढाला थांबायचं झालं की भिवरानं उतरायचं, मागच्या चाकाखाली दगडाची उटी, म्हंजे अडसर, लावायची, अन् "लावली" म्हणून सांगायचं. मंगच कोंडिबानं ब्रेकवरचा पाय उचलायचा.

तर एका अवसेला चिमी तापली. अंग निखाऱ्यागत, डोळं पांढरं. डॉक्टर डोंगरापल्याड. नदीकाठच्या रस्त्यानं जावं तर उजाडणार, अन् पोर तोवर टिकंल का? कोंडिबानं गाडी मोरदऱ्याच्या जवळच्या घाटाला घातली. दिवस बुडाल्यावर त्या घाटात कुत्रंबी जात न्हाई, बरं का.

पहिल्या वळणाला एक बाई उभी. तोंडावर पदर. "घ्या की मला."

"थांबू नका," भिवरा म्हणाली.

थांबला न्हाई. पुढच्या वळणाला तीच बाई. "घ्या की."

त्याच्या पुढच्या वळणाला कुणीच न्हाई. पण जीप जड झाली. मागं कुणी धान्याची पोती टाकावी, तशी. दिवं मिणमिणलं. इंजिन आचकं देऊन बंद. ऐन चढावर, अन् मागं दरी.

बटण दाबलं, तर बॅटरी मेलेली. आता खाली उतरून पुढनं हँडल मारायचं. पण पाय उचलला की गाडी दरीत.

भिवरानं चिमीला सीटवर निजवलं अन् उतरली. अंधारात दगड चाचपाया लागली. कोंडिबा ब्रेकवर सगळा भार देऊन बसलेला. पोर कण्हायचीबी थांबली.

तेवढ्यात मागनं आवाज आला. भिवराचाच, हुबेहूब. "कोंडिबा, लावली उटी. सोड पाय."

त्यानं टाच उचललीच होती. अन् तिथंच थबकला.

आरं, लग्न झाल्यापास्नं भिवरानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. अहो म्हणायची, चिमीचे बाबा म्हणायची. नाव घेतलं ते उखाण्यात, चार बायांत, पदर तोंडाला लावून.

त्यानं पाय दाबून धरला. ओरडला, "भिवरा असशील तर उखाणा घे."

उखाणा आला न्हाई. मंग तोच आवाज, पण घोगरा. "पोर मरंल, कोंडिबा. सोड."

पोराचं नाव काढल्यावर बापाचं काय होतं, ते तुम्हाला काय सांगू? पण पाय हलवला न्हाई त्यानं.

अन् खालनं, पार चाकाच्या बुडातनं, रडवेली भिवरा बोलली,

"रात झाली काळी, दगड येईना हाती,
कोंडिबांचं नाव घेते, चाकाशी माझी छाती."

कोंडिबाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "हुडक गं. मी हाय."

दगड घावला. धप्पकन चाकाला बसला. "लावली, अहो."

त्यानं उडी टाकली, हँडल मारलं. एकदा न्हाई. परत न्हाई. मंग धडधड सुरू. भिवरा पोरीला उरी घेऊन बसली. घाटमाथा येईस्तवर मागच्या फळीवर कुणीतरी बुक्क्या मारत होतं. दोघांनी मान वळवली न्हाई.

उजाडायच्या आत डॉक्टर गाठला, चिमी वाचली. पाठीवर भाऊ आला. जीपला आसपासच्या वाड्यांची भाडी मिळाया लागली, घरावर कौलं चढली. चिमीची वरातबी त्याच जीपमधनं निघाली, झेंडू लावून. पण नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं, उन्हाचं. मोरदऱ्यानं न्हाई. तुम्हीबी जाऊ नका, बाबांनो, कितीबी घाई असू दे.